काउंटर नंबर दोन

दुकानात दोन काउंटर होते. एकावर दादा बसायचा, दुसऱ्यावर त्याची धाकटी बहीण. शिलाई मशीन विकणारे पुष्कळ असतात. पण बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारे थोडे, आणि ती त्यांतली एक. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. दादा मात्र अजून छकुली म्हणायचा. बेचाळीस वर्षांची, चष्मा लागलेली, हातांना कायम मशीनच्या तेलाचा वास येणारी छकुली! प्रेमाने म्हणतो हो, असं सगळे सांगायचे. प्रेमाचं काय, तोंडाने करायला काही लागत नाही.

सोमवारपासून तिच्या काउंटरवरून ई-इनव्हॉइस निघेना. बटण दाबलं की लाल अक्षरं. दादा म्हणाला, "सर्व्हर डाउन असेल. तू कशाला डोकं शिणवतेस? माझ्या काउंटरवरून काढतो की. दुकान आपलंच आहे."

चार दिवस तिने गिऱ्हाइकांना पलीकडे पाठवलं. दुरुस्ती हिची आणि बिल काउंटर एकचं. एका जुन्या शिंप्याने तर विचारलंच, "ताई, तुम्ही आता नुसत्या मदतीला का?" त्याच्या मनात काही नव्हतं, पण तिला ते फार झोंबलं.

पाचव्या दिवशी दादा मागच्या गोदामात असताना तिने कर सल्लागाराला बोलावून घेतलं. घाईतला माणूस, आल्या आल्या लॅपटॉप उघडला. त्याच्याकडे एक तपासणीचं सॉफ्टवेअर होतं. दुकानाचा नोंदणी क्रमांक टाकला, की कुठल्या काउंटरला ई-इनव्हॉइसची परवानगी आहे, कुठल्याला नाही, सगळं समोर.

"काउंटर एक, चालू. काउंटर दोन..." तो थबकला. "ताई, हा बंद पडलेला नाही. बंद केलाय. मालकाच्या अर्जावरून. अर्ज गेल्या महिन्यात बारा तारखेचा, लागू या सोमवारपासून."

बारा तारीख तिला आठवावी लागली नाही. त्या दिवशी वहिनीचं ऑपरेशन होतं. दादाला रक्त बघवत नाही, म्हणून वहिनीचा हात धरून ही बसली होती, पुढचे आठ दिवससुद्धा. आणि हा पठ्ठ्या 'मी दुकान बघतो' म्हणून इथे बसून हे उद्योग करत होता.

"कारण दिलंय का काही?"

"जाऊ द्या ना ताई."

"वाचा."

त्याने वाचलं नाही. स्क्रीन तिच्याकडे वळवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: या काउंटरवर कोणी बसत नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं! पाठ धरली, चष्मा लागला, आणि कोणी बसत नाही?

"दादा!"

दादा हातात खोकी घेऊन आला. स्क्रीन बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, अर्जात काहीतरी लिहावं लागतं. म्हटलं, कोण वाचतंय."

"खरं का नाही लिहिलंस?"

"खरं काय त्यात? उद्या वाटणीचा विषय निघाला, तर दोन काउंटर म्हणजे दोघांचं दुकान, असं कोणी म्हणायला नको. तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्यासाठी? मी तुझ्या बायकोच्या उशाशी बसले होते रे! तेवढ्यात तू मला पुसून टाकलंस?"

सल्लागार खाली मान घालून म्हणाला, "तो नंबर आता परत उघडत नाही. नवा घेता येईल. मालकाची सही लागेल."

"एवढंच ना!" दादाचा जीव भांड्यात पडला. त्याने खिशातून पेन काढलं. "आण इकडे, करतो सही. झालं गेलं विसर, छकुले. सारखा कसला नाकावर राग!"

त्या पेनाने तिचा राग दुप्पट झाला. काढून घ्यायचं यानेच, आणि दान केल्यासारखं परतही यानेच द्यायचं!

तेवढ्यात दारात एक शिवणकाम करणारी बाई आली, मशीन दोन्ही हातांनी पोटाशी धरून. "ताई आहेत का?"

"आहे की! या या, ही काय," दादा लगबगीने म्हणाला.

ताईने आपले पाने, स्क्रू-ड्रायव्हर एका पिशवीत भरले आणि ती खांद्याला लावली. सल्लागाराला म्हणाली, "वेगळ्या दुकानाची नोंदणी करायचीय, माझ्या नावाने. कागद काय लागतात ते मला कळवा." मग तिने त्या बाईच्या मशीनची एक बाजू उचलली. "चला, तुमच्या घरी बघू."

"अगं, आत सहा मशीनं खोलून पडलीयेत!" दादा ओरडला. "कोण जोडणार ती?"

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि दोघी मशीन सांभाळत पायऱ्या उतरल्या.