फाशीच्या तख्ताकडे नऊ पावलं

मावशीचा घोटा मुरगळला आणि माझं नशीब उघडलं. वाईट वाटलंच हो, पण खरं ते सांगते.

मावशी सिनेमातल्या माणसांचे आवाज करते. पडद्यावर कुणी चाललं, खुर्ची ओढली, थोबाडीत मारली, की तो आवाज शूटिंगच्या वेळचा नसतो. नंतर स्टुडिओत मावशी चित्र बघत बघत तो करते. थोबाडीत म्हणजे ओल्या फडक्यावर पंजा. हाड मोडायचं असेल तर गाजर.

आता एकच प्रसंग उरला होता. तीन खून केलेला खलनायक फाशीच्या तख्ताकडे चालत जातो. नऊ पावलं. दिसतात फक्त पाय, अनवाणी, बेड्या घातलेले.

"टकळे, बूट काढ," मावशी खुर्चीतून म्हणाली. "तू चालायचं, साखळी मी वाजवते. सरांना पटलं तर ठेवतील, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला बोलावतील. तेव्हा तोंड बंद, पाय चालू."

सिनेमात माझी पावलं! अख्ख्या वर्गाला घेऊन जाईन आणि अंधारात ओरडेन, हे पाय माझे!

दिग्दर्शक सर म्हणाले, "दणदणीत हवीत. माजोरडा आहे तो. त्याला लटकवला की थिएटरात शिट्ट्या पडल्या पाहिजेत."

"पडणारच!" मी म्हटलं. "मी तर खुर्चीवर उभी राहीन." गेल्याच महिन्यात 'फाशी हवीच' या बाजूनं बोलून मी शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते. समोरच्या मुलीचं फक्त रडायचं बाकी होतं.

दिवा लाल झाला. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मी फळीवर धाडधाड चालले.

"तुझी पावलं त्याच्या आधीच पोचतायत," मावशी म्हणाली. "त्याला मागे टाकून कुठे निघालीस?"

पुन्हा. पुन्हा चुकलं. पाच वेळा झालं, तेव्हा मी खलनायक मनात आणायचं सोडलं आणि नुसत्या पायांकडे बघितलं. चौथ्या पावलाला बोटं आत वळत होती. पाचव्याला टाच टेकतच नव्हती, पाऊल चवड्यावर पडून बाजूला सरकत होतं. मग मीही तशीच चालले. आणि बसलं की! साखळी, फळी, पाय, सगळं एकाच वेळी.

सरांनी कानांवरचे हेडफोन काढले. "हे काय? हा तर घाबरलाय."

"मी नाही सर, पायच घाबरलेत."

सर इतके हसले की चहा सांडला. "अगं वेडे, ते पाय त्या नटाचे नाहीतच! तो दुसऱ्या शूटिंगला पळाला, म्हणून आमच्या मेकअपवाल्याला चालवला. बेड्या टोचत होत्या बिचाऱ्याला. सालटं निघाली घोट्याची!"

माझा चेहरा खर्रकन उतरला. एवढी भीती शोधून काढली, आणि निघालं काय, तर सालटं. सर म्हणाले, "चल, आता दणदणीत कर. नाहीतर उद्या बघू."

मी फळीवर उभी राहिले. गप्प बसायला हवं होतं. पण डोक्यात एकदा किडा वळवळला की माझं तोंड माझं राहत नाही.

"सर, खऱ्या खुन्याला घातल्या असत्या, तर त्याला टोचल्या नसत्या?"

मावशीनं डोळे वटारले.

"टोचल्या असत्या," सर म्हणाले. "पण मग टाळ्या कोण वाजवणार?"

"काय माहीत. मी वाजवीन का, तेही आता माहीत नाही. ऐकून बघायला हवं." खरंच नव्हतं माहीत. माझ्या भाषणात खून होते, कायदा होता, आकडेसुद्धा होते. टाच नव्हती कुठेच.

सरांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं. आधी धाडधाड. मग दुसरं. दुसरं संपलं तरी डोळे उघडेनात. मी मावशीकडे बघितलं, मावशी माझ्याकडे.

"हेच," शेवटी ते म्हणाले. "पण शेवटचं पाऊल अजून हळू. तिथे खाली पोकळ असतं, आणि ते त्याला ठाऊक आहे."

आवाज पोकळ यावा म्हणून मावशीनं फळीखालची वीट काढून घेतली. दिवा लाल झाला. आठ पावलं मी बरोबर टाकली. नवव्याला नुसती बोटं टेकवली, आणि फळी किती गार आहे ते मला तेव्हा कुठे कळलं.