सोमवारचे झिंगे

"वाकला की काढायचा, बाई. मऊ व्हायची वाट बघायची न्हाई. जास्त ठिवला की बिघडला."

आदल्या संध्याकाळी छबुबाईंनी फोनवर सांगितलेलं गंगासागरबाई मनात घोळवत होत्या. मागच्या ओट्यावर पाट टाकून त्या बसल्या होत्या. समोर स्टीलचा डबा, डब्यात बर्फाच्या चुऱ्यावर झिंगे. माजलगावच्या धरणावरून सकाळीच निघून जीपनं आले होते. सोललेले, पाठीतला काळा दोरा काढलेले. तुमाला हात लावाया जड जाईल, म्हणून साफ करूनच धाडते, असंही छबुबाई म्हणाल्या होत्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

छबुबाई म्हणजे त्यांच्या सुनेची, योगिताची आई. भोयाचं घर. धरणात जाळं टाकायचं आणि बाजारात मासळी विकायची. गंगासागरबाईंचं घर चौसाळ्यातलं, लिंगायताचं, रस्त्याला लागून किराणा दुकान, घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. मुलानं, योगीराजनं, योगिताशीच लग्न करीन म्हणून धरलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी, सिद्धलिंगअप्पांनी, दारात उभं राहून अट घातली. पोरगी दीक्षा घेऊन आमची होईल, पण तिच्या माहेराचा पाय या उंबऱ्याला लागायचा नाही. छबुबाई अंगणात उभ्या होत्या. तिथल्या तिथं त्यांनी शब्द दिला, आणि पाळला. मायलेकी भेटायच्या त्या बीडच्या स्टँडवर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

मग योगिताच्या फुफ्फुसात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्याचे हेलपाटे झाले, केस गेले, अंगावरचं मांस गेलं. शेवटी डॉक्टरांनी योगीराजला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. जे मागेल ते खाऊ घाला, फक्त नीट शिजवून द्या, कच्चं पोटात जाऊ देऊ नका.

फोडणीचा धूर तिला सोसत नव्हता. मोहरी तडतडली की खोकल्याची उबळ यायची आणि ओठ निळे पडायचे. म्हणून योगीराजनं तो एअर फ्रायर आणला. ना धूर, ना चरचर. गंगासागरबाई त्याला मशीन म्हणायच्या. आधी बिचकल्या, मग सवय झाली. वांग्याचे काप, भेंडी, पापड, शेंगदाणे, सगळं त्याच्या ओढायच्या खणात जाऊ लागलं. सोमवारच्या नैवेद्याचे वडेसुद्धा.

पण योगिता दोन घासांच्या पुढं जात नव्हती. काय खावंसं वाटतं विचारलं तर मान हलवायची. परवा दुपारी तापात बडबडली तेवढीच. झिंगे, झिंगे करत होती. शुद्धीवर आल्यावर गंगासागरबाईंनी विचारलं, तर म्हणाली, मी काही म्हणले न्हाई आत्या.

म्हणून आज हा डबा. आणि आज सोमवार. गंगासागरबाईंचा कडकडीत उपास. उद्यावर ढकलावं म्हटलं तर झिंगा उद्यापर्यंत राहत नाही.

त्यांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पाठीवर सरकवली, वरून पदर घट्ट खोचला. लिंग अंगावरून उतरवायचं नसतं, आणि या डब्यावर लोंबूही द्यायचं नव्हतं. मग ओठात नाव घेत त्यांनी डब्यात हात घातला. गार, गुळगुळीत.  डोळे मिटून त्यांनी तिखट, हळद, ठेचलेला लसूण, अर्धं लिंबू आणि तेलाचा थेंब चोळला. मीठ हातानंच पडलं. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, या रिवाजात जन्म गेलेला, त्यामुळं मिठाला त्यांचा हात चुकत नसे.

झिंगे खणात घातले, खण लोटला, वेळेची चकती फिरवली. मशीन घुमू लागलं.

थोड्या वेळानं खण ओढून पाहिला. राखाडी रंग जाऊन गुलाबी चढला होता आणि झिंगे वाकले होते. वाकला की काढायचा. त्यांनी चमच्यानं एक दाबून पाहिला. मऊ नव्हता. आतून चिवट लागत होता. डॉक्टरांचं बोलणं आठवलं. कच्चं पोटात गेलं आणि पोरीला काही झालं तर? आयुष्यभर त्यांनी जे शिजवलं, ते जास्त शिजवलं की जास्त मऊ झालं होतं. वाल असो, बटाटा असो, वांगं असो. त्यांनी खण परत लोटला. पुन्हा पाहिलं, पुन्हा दाबलं. आणखी कडक लागलं. मग घाबरून आणखी एकदा चकती फिरवली.

योगिता खिडकीजवळच्या खाटेवर होती. ताटली पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. हात आपसूक गळ्यातल्या डबीकडं गेला.

"आत्या, हे गळ्यात हाय."

गंगासागरबाईंनी तिच्या मानेखाली हात घालून तिची डबीही पाठीवर सरकवली. "ऱ्हाऊ दे तिकडं. देवाला बघायचं नसंल तर न्हाई बघणार."

योगितानं एक झिंगा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. मानेच्या शिरा वर आल्या. मग पदर तोंडाशी नेला आणि हळूच मिटला.

"छान झालेत."

"पदरात काय हाय?"

योगितानं पदर मुठीत धरला.

"मला चव घेता येत न्हाई योगिता, म्हणून इचारते. खरं सांग."

"रबर झालेत, आत्या."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आधी योगिताला हसू फुटलं, मग गंगासागरबाईंनाही. हसता हसता उबळ आली. पाठीवरून हात फिरवत त्या बसून राहिल्या. उबळ ओसरायला फार वेळ लागला, आणि ओसरल्यावर योगिता उशीला टेकली तेव्हा तिच्यात हसणाऱ्या बाईचं काही उरलेलं नव्हतं.

"जीपवाला परत कधी जातो?" गंगासागरबाई म्हणाल्या. "अजून मागवते. आता कळलं मला."

"नका मागवू. मला झिंगे नको व्हते." तिचा आवाज श्वासासारखा येत होता. "लहानपणी ताप आला की माय तव्यावरून काढायची, फुंकर मारायची न् तोंडात घालायची. तापात तेच दिसलं."

गंगासागरबाईंनी ताटली खाली ठेवली.

"मी आणते तुझ्या मायला. उद्या जाते."

"ती यायची न्हाई. शबूद दिलाय तिनं."

"मागणारे आमीच व्हतो. आमीच सोडवू."

योगितानं त्यांचं बोट धरलं. "खरंच जाताल?"

"सकाळी पूजा झाली की निघते."

दिवेलागणीला सिद्धलिंगअप्पा दुकानातून आले. ओट्यावर वास रेंगाळत होता. ते उभे राहिले, मशीनकडं पाहिलं, धुऊन पालथ्या घातलेल्या खणाकडं पाहिलं. आज सोमवार हाय, एवढंच म्हणाले. गंगासागरबाई हो म्हणाल्या. आता त्या मशीनीत नैवेद्याचं काही करायचं नाही, असं ते पुढं म्हणाले, त्यालाही त्यांनी हो म्हटलं. मग उद्या कुठं जाणार ते सांगितलं.

अप्पा उंबऱ्यावरच बसले. बायको अशी न विचारता ठरवते याची त्यांना सवय नव्हती.

"मी फोन करतो," ते म्हणाले. "या म्हणतो. झालं?"

"तुमी अट फोनवर घातलती का? ती बाई अंगणात उभी व्हती. तिला फोनवर का म्हणून बोलवायचं?"

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोक्यावरून हात फिरवला. "मग मी येऊ का संगं?"

"तुमाला बघून ती भ्यायची. तुमी हितं ऱ्हावा. आली की वैनी म्हणा, बसा म्हणा. बस्स."

सकाळी गंगासागरबाईंनी तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. भस्म लावलं. पण मन एकाग्र होईना, कारण पलीकडच्या खोलीतून येणारा श्वास बदलला होता. एक यायचा, मग थांबायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता नाही. मग पुन्हा यायचा.

त्या खाटेजवळ गेल्या. योगीराज खाली सतरंजीवर बसून होता, बायकोचा पाय धरून. पाय थंड पडत चालले होते. योगिताचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यात कुणी दिसत नव्हतं. गंगासागरबाईंनी हाक मारली. पापणी हलली नाही.

"आई, आज नको जाऊ," योगीराज म्हणाला. "तिला आता काई कळत न्हाई. डॉक्टरला फोन केलता. ते म्हणले, संध्याकाळ..." 

माजलगाव म्हणजे आधी बीड, मग दुसरी गाडी, तिथून धरणाच्या वस्तीवर चालत. आणि तेवढंच परत. हा हिशेब त्याच्या तोंडावर स्पष्ट होता, आणि तो गंगासागरबाईंनाही येत होता.

त्यांनी सुनेच्या कपाळावर भस्माचं बोट ओढलं. पातळाचा पदर सारखा केला. देवघरातला दिवा विझू देऊ नको, असं योगीराजला सांगितलं.

अप्पा पुढच्या खोलीत होते. रात्रभर झोपले नव्हते. बायको चपला घालताना त्यांनी पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"पुढचं दार उघडं ठिवा," गंगासागरबाई म्हणाल्या. "मागल्या दारानं आणायची न्हाई तिला."

अप्पांनी दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या आणि वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून एकीला दुकानातलं वजन लावलं. गंगासागरबाई पायऱ्या उतरल्या. आतून श्वास आला की नाही, हे ऐकायला त्या अंगणात क्षणभर थांबल्या. मग मागं न बघता बीडच्या गाडीसाठी रस्त्याकडं चालू लागल्या.