उदयसिंहरावांना मिळालेली दाद

खांदा कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात उदयसिंहराव दर महिन्याला गायचे आणि दर महिन्याला त्यांना कोणी दाद द्यायचं नाही. गळा वाईट नव्हता. फक्त पुण्याला निघालेला राग पळस्पे फाट्यावर गोव्याकडे वळायचा. मरण्यापूर्वी कोणीतरी एकदा ‘वा!’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. पत्नी शशिकलाबाई म्हणायच्या, पण त्यांच्या ‘वा’पुढे ‘टाणे सोला’ असायचं.

उन्हाळ्यात त्यांच्या कमरेवर, लेंग्याच्या नाडीखाली, गोल लाल चट्टा उठला. कडेला फुललेला, मधे कोरा. औषधाच्या दुकानातल्या मितेशने काउंटरवरून वाकून तो पाहिला. मितेशचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं.

“काका, तुम्हाला दाद मिळालीय.”

उदयसिंहरावांचे डोळे पाणावले. “कोणी दिली रे?”

“कोणाकडून पण मिळते, काका. टॉवेलमधून, घामाच्या कपड्यातून.”

मितेशच्या ट्यूबने चट्टा मावळला आणि बशीएवढा होऊन परत आला. दाद कशालाच दाद देईना. मग शशिकलाबाईंनी त्यांना डॉक्टर रेवाकडे नेलं.

“हे गजकर्ण, काका. हिंदीत दाद. बुरशी असते ही,” रेवा म्हणाली. “त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. त्याने खाज थांबते, बुरशी फोफावते. हे मलम लावा. डाग गेला तरी मी थांबा म्हणेपर्यंत लावायचं. अंग कोरडं ठेवा, कपडे सैल घाला, टॉवेल स्वतःचा वापरा.”

मलम लावायला ते त्याच संध्याकाळी बसणार होते. पण आधी संघात गाणं होतं. अंतऱ्याला कमरेवर खाज सुटली. हात खाली गेला, खाजवून वर आला, पुन्हा गेला. श्रोत्यांना वाटलं, तान घेतायत.

“क्या बात है!” संघाचे अध्यक्ष सत्यजीत ओरडले. टाळ्या पडल्या. संघाची मानाची शाल अंगावर आली.

घरी आल्यावर उदयसिंहरावांनी मलम कपाटात ठेवलं.

“अहो, लावताय ना?” शशिकलाबाईंनी विचारलं.

“इतक्या वर्षांनी मिळालीय. लगेच घालवू?”

संघाकडे शाल एकच. फोटो निघाला की ती परत घ्यायची, हा रिवाज. त्यामुळे उदयसिंहरावांच्या घामाची शाल पुढे पंचाहत्तरीबद्दल सत्यजीतांच्या खांद्यावर गेली, गुडघा बदलल्याबद्दल नीताताईंच्या, आणि संघाची हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडल्याबद्दल काशिरामांच्या. सत्कार कमी पडू नयेत म्हणून संघ कारणं शोधत होता.

पुढच्या गाण्याला अख्खं सभागृह डोलत होतं. कोणाचा हात मानेवर, कोणाचा काखेत. उदयसिंहरावांना हा सुरांचा परिणाम वाटला. त्या दिवशी पाहुणी होती डॉक्टर रेवा. सत्काराला शाल पुढे आली, तशी ती दोन पावलं मागे सरली.

“ही कधी धुतली होती?”

“मानाची शाल धुतात का?” सत्यजीत दुखावले.

रेवाने त्यांची मान पाहिली, मग पहिली रांग, मग दुसरी. “सगळ्यांनी एकदम उपचार घ्यायचे. एकानेही सोडले तर पुन्हा फिरेल. आणि शाल उकळा.”

शाल उकळली. ती आटून हातरुमालाएवढी झाली. आता सत्काराला ती खिशात खोचतात.

काही आठवड्यांनी सगळ्यांचे डाग गेले. रेवा थांबा म्हणेपर्यंत उदयसिंहरावांनीही मलम लावलं. ते लावायचं काम शशिकलाबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. मग संघात पुन्हा गाणं ठरलं, रेवालाही बोलावलं. राग पळस्प्याला वळला. हात मांडीवर, माना सरळ. उदयसिंहराव हार मानून बसणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक हात लयीत हलला. कमरेवर गेला, वर आला. काशिराम!

एवढी एक दाद उरली होती. तिच्याकडे बघत जन्मभर गाता आलं असतं. उदयसिंहरावांनी शशिकलाबाईंकडे पाहिलं, काशिरामांकडे पाहिलं, आणि तान अर्ध्यावर तोडून वरच्या षड्जात विचारलं,

“काशिराम, मलम पुरतं लावलंस का रे?”

“डाग गेला, म्हणून सोडलं!”

“वा!” रेवा उठून उभी राहिली. “वा, काका!” मग सगळं सभागृह उठलं. शशिकलाबाईही ‘वा’ म्हणाल्या, आणि पुढे काही म्हणाल्या नाहीत.

आता दर महिन्याला त्याच ओळीची फर्माईश होते. उदयसिंहराव ती भैरवीत म्हणतात. काशिराम मात्र उत्तर देताना अजून बेसूर होतात.