इंजिन मुततंय का?

ज्ञानदेव मिस्त्रीला तोंड सांभाळून बोलायची सवय नव्हती. लागणार तरी कुठून? चोवीस वर्षं कुरुळीच्या गॅरेजात, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या क्रेनच्या पोटाखाली झोपून ज्याने काम केलं, त्याने काय सुविचार म्हणायचे? हुक, साखळी, विंचचा दोर, सगळ्यांशी तो शिव्या घालून बोलायचा आणि ती बिचारी मुकाट्याने ऐकायची. पण त्याचा खरा जीव बोटीच्या इंजिनात. मूळचा हर्णैचा गडी, पंधराव्या वर्षापासून बंदरावर होड्यांची इंजिनं खोलत मोठा झालेला. पोटासाठी घाट चढून वर आला तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचा त्या माशांच्या वासातून. पण नशीब कुठे पाठ सोडतंय? चाकणच्या पट्ट्यात, जिथे समुद्र फक्त कॅलेंडरवर दिसतो, तिथेही एक बोट त्याला हुडकत आलीच.

ती बोट आपत्ती मंडळाची. धरणाचं पाणी सोडलं की दर दोन-तीन वर्षांनी नदीकाठच्या घाटवस्तीत घराघरांत शिरायचं. म्हणून चार कार्यकर्त्यांनी एका कंपनीच्या मागे लागून देणगी मिळवली, फायबरची बोट घेतली, तिला एक जुनं इंजिन बसवलं आणि ती ओढायला एक जीप उभी केली. जीप, ट्रॉली, बोट, इंजिन, सगळ्यांची देखभाल ज्ञानदेवच्या गळ्यात. तीही फुकट. तो आणि त्याची बायको मंजुळाबाई त्याच वस्तीत, भिमाजीबाबांच्या चाळीत भाड्याने राहायचे, तेव्हा नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

मंडळाचे सचिव अनंत सर. वाकडला राहायचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले साहेब. माणूस सोन्यासारखा, पण फार शुद्ध. बोलणं शुद्ध, अक्षर शुद्ध, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांचं आणि ज्ञानदेवचं वाजलं ते एका शब्दावरून.

गोष्ट साधी आहे. बोटीचं इंजिन खालच्या जाळीतून नदीचंच पाणी आत ओढतं, त्यावर गार होतं आणि त्यातली एक बारीक धार मागच्या वाटाण्याएवढ्या भोकातून बाहेर टाकत राहतं. धार दिसली की इंजिन ठणठणीत. धार नसली तर समजायचं, पाणी फिरत नाहीये आणि थोड्याच वेळात पिस्टन तापून जागच्या जागी आवळणार. हर्णैला या धारेला एकच शब्द होता, आणि तो काही शाळेत शिकवत नाहीत. इंजिन मुतलं तर होडी सोडायची, नाहीतर दोरी सोडायची नाही. ज्ञानदेवने इंजिनामागच्या फळीवर लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं, ‘मुततंय का बघ. नसेल तर बंद कर.’ पोरं वाचून खिदळायची. पण खिदळता खिदळता बघायची, आणि तेच तर पाहिजे होतं.

जूनमध्ये देणगी देणाऱ्या कंपनीच्या मॅडम बोट बघायला येणार असं ठरलं. सरांनी ज्ञानदेवला बाजूला घेतलं.

“ज्ञानदेव, हे असं लिहिलेलं बरं दिसतं का?”

“बरं दिसायला नाही लिहिलं, सर. कळायला लिहिलंय.”

“कळेलच की. योग्य शब्दांत लिहू.”

त्यांनी स्वतःच्या खर्चाने छान निळं स्टिकर छापून आणलं आणि फळीवरच्या लाल अक्षरांवरच चिकटवलं. ‘प्रारंभी शीतकरण जलप्रवाहाची खातरजमा करावी.’ ज्ञानदेवने ते तीनदा वाचलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे तर आपलंच वाक्य आहे. भांडावं असं त्याच्या मनात आलं. पण सर वयाने मोठे, शिकलेले, शिवाय त्यांनी इतक्या प्रेमाने विचारलं होतं की त्याची जीभच रेटेना. शिव्या देणाऱ्या माणसाचं हे असं असतं, गोड बोललं की तो गारद.

मॅडमच्या भेटीआधी बोटीला रंग दिला. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा, त्याला बोटीतलं काय कळतंय? त्याने बोट रंगवली, ट्रॉली रंगवली आणि हौसेने इंजिनही वरपासून खालपर्यंत भगवं करून टाकलं. फोटो ग्रुपवर आले. ज्ञानदेव तेव्हा गॅरेजात होता. त्याने फोटो मोठा करून बघितला, पण भोक दिसेना. भोक बुजवलं तर नसेल ना गाढवाने? त्याने सरांना फोन लावला.

“सर, रंगानंतर बोट एकदा पाण्यात घालून बघायला हवी.”

“अहो, परवाच तर आपण चाचणी घेतली. रजिस्टरला तुमचीच सही आहे.”

“ती रंगाच्या आधीची.”

“मग रविवारी बघा की सावकाश.”

त्या रविवारी एक चौदा चाकी ट्रेलर तळेगाव चौकात आडवा झाला आणि ज्ञानदेवला दिवसभर क्रेनवर राहावं लागलं. पुढच्या रविवारी ओव्हरटाइम. त्याच्या पुढच्या रविवारी गावाकडचं लग्न. मग विसरला. हो, विसरला. उगाच लपवाछपवी कशाला करा, माणूस विसरतो.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं. सकाळी आठला भोंगा वाजला, दहाला वस्तीच्या पहिल्या गल्लीत पाणी आलं, आणि दुपारी बारापर्यंत घाटवस्तीला तिन्ही अंगांनी पाण्याचा वेढा पडला. ज्ञानदेव कुरुळीत होता. बातमी कळताच निघाला, पण चाकणचा रस्ता. रोज दुसऱ्यांच्या गाड्या ओढून रस्ता मोकळा करणारा माणूस त्या दिवशी स्वतः दीड तास एकाच ट्रकच्या मागे खिळून बसला. मंजुळाबाईचा फोन लागत नव्हता. वस्तीत सकाळपासून वीज नव्हती, चार्जिंग संपलं असणार.

तो काठावर पोचला तेव्हा जीप पाण्याच्या कडेला उभी होती आणि ट्रॉली रिकामी. बोट गेलेली. मंडळाने आधीच दोन गल्ल्यांतली माणसं खांद्यावरून आणि दोराच्या आधाराने बाहेर काढली होती, पण भिमाजीबाबांचं घर अगदी नदीच्या बाजूला, तिथे बोटीशिवाय इलाज नव्हता. दोनशे-सव्वादोनशे मीटरवर, गढूळ पाण्यापलीकडे, त्यांची गच्ची दिसत होती. गच्चीवर तिघं. मंजुळाबाई, घरमालक भिमाजीबाबा आणि त्यांची बायको शालनबाई. मंजुळाबाईची हिरवी साडी त्याने लगेच ओळखली.

“काळजी करू नका,” अनंत सर म्हणाले. ते कमरेपर्यंत भिजले होते. “सुजित गेलाय. पाच मिनिटांत घेऊन येईल.”

सुजित म्हणजे नवीन पोरगा, आयटीवाल्यांची कॅब चालवणारा. जुना चालक नोकरीसाठी नगरला गेला, म्हणून जुलैत याला घेतलेलं. बोट अर्ध्यावर होती. पाठ यांच्याकडे, इंजिन यांच्याकडे. नवा भगवा रंग इतक्या लांबूनही डोळ्यांत भरत होता.

ज्ञानदेवने इंजिनाच्या मागे बघितलं. डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

धार नव्हती.

“सर, याला कोणी शिकवलं?”

“मीच. ट्रॉलीवरच बोटीत बसवून सगळ्या सूचना वाचून घेतल्या त्याच्याकडून.”

“धार बघायची हे सांगितलं का?”

“स्टिकरवर आहे ना,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

ज्ञानदेवने मनाला समजावलं. वरचंच भोक रंगाने बुजलं असेल, तर काही बिघडत नाही. धार दिसत नाही एवढंच, इंजिन आतून गारच राहतं. पण खालची जाळीही बुजली असेल तर? कोरडं चाललेलं इंजिन मोकळ्या बोटीला पलीकडे नेईल एखाद वेळेस. परत येताना चार माणसांचं ओझं आणि प्रवाहाचा रेटा. मध्यावर आवळणार. आणि मध्यावर आवळलं की खाली स्मशानभूमीची शेड, तिचे लोखंडी खांब, आणि त्यांच्यापुढे नुसती नदी.

“सुजितला फोन लावा.”

सरांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक मोबाइल काढला. “भिजू नये म्हणून माझ्याकडे देऊन गेला,” ते म्हणाले.

बोट गच्चीला लागली. सुजितने इंजिन बंदही केलं नाही, तसंच फिरतं ठेवलं. ज्ञानदेव गुडघाभर पाण्यात शिरला. दोघांनी त्याला मागून धरलं. त्याने सरांच्या खांद्याला लटकलेला, लांब हाक पोचवायचा पोंगा हिसकावला आणि छातीच्या भात्यातून ओरडला, “बसू नका! मंजुळे, बसू नका! सुजित, बंद कर!” पाण्याचा आवाज एवढा होता की त्याला स्वतःचाच आवाज अर्धा ऐकू येत होता. त्याने पोंगा टाकला आणि दोन्ही हात डोक्यावर हलवायला लागला. नको, नको, नको. आडवे हलवले, उभे हलवले. नको म्हणायला हात कसे हलवायचे, हे कोणी ठरवून ठेवलेलं नसतं. एरवी घरात नुसती मान हलवली तरी कळतं.

पलीकडे काही वेळ काहीच हललं नाही. बसू नये असंच देवाच्या मनात असावं, असं त्याला वाटलं. मग भिमाजीबाबा उठले. सुजितने त्यांना तरंगायचं जाकीट घातलं. मागून शालनबाई, आणि सगळ्यात शेवटी हिरवी साडी बोटीत उतरली.

बोट निघाली. ज्ञानदेव मोजत होता. कशासाठी मोजत होता कोणास ठाऊक, मोजून कोणतं इंजिन गार होतं? पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. साठपर्यंत मोजलं. नव्वद. बोट मध्याच्या जरा अलीकडे आली आणि त्याच्या मनात आलं, येते, अजून तीस मोजू दे, येतेय. तेवढ्यात इंजिनाचा सूर चढला, चिरका झाला आणि एकदम थांबला. तो आवाज त्याने आयुष्यात शंभरदा ऐकला असेल. बंदरात, उथळ पाण्यात, जिथे माणूस उतरून चालत येतो.

सुजित इंजिन चालू करायची दोरी ओढत राहिला. आवळलेलं इंजिन दोरीने सुटत नाही, हे काठावर फक्त एकाला माहीत होतं. बोट आडवी झाली आणि वाहायला लागली. ज्ञानदेव पुढे धावला, तर चार जणांनी त्याला खाली पाडून धरलं. चिखलात तोंड असल्यामुळे बोट खांबावर आदळताना त्याला दिसली नाही, नुसती लोकांच्या तोंडून कळली.

बायका शेडच्या पत्र्याला धरून राहिल्या. सुजितने मंजुळाबाईचा दंड सोडला नाही, त्याचं हे ऋण ज्ञानदेव जन्मभर मानेल. पाऊण तासाने अग्निशमन दलाची मोठी बोट येऊन तिघांना घेऊन गेली. भिमाजीबाबांनी जाकीट घातलं होतं, पण पट्टा लावू दिला नव्हता, छातीला आवळतं म्हणून. ते दुसऱ्या दिवशी सापडले, दोन किलोमीटर खाली.

पाणी ओसरल्यावर ज्ञानदेवने इंजिन खोललं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. खालच्या जाळीवर भगव्या रंगाची जाड खपली धरली होती. त्याने ती नखाने काढून सरांच्या तळहातावर ठेवली. दोष कोणाच्या माथी मारायचा? पेंटरला माहीत नव्हतं, सुजितला सांगितलं नव्हतं, सरांचा हेतू चांगला होता, आणि ज्ञानदेवने स्वतः तीन रविवार घालवले होते. सरांनी मूठ मिटली. “खातरजमा मी करायला हवी होती,” ते म्हणाले. ज्ञानदेवला शिवी द्यायची होती, पण एकही सुचली नाही.

बाबांच्या तेराव्याला चाळीच्या अंगणात माणसं जेवून उठली. ज्ञानदेव दिवसभर पाणी वाढत होता, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. वस्तीतलं एकही माणूस त्याला वाकडा शब्द बोललं नव्हतं, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता. संध्याकाळी शालनबाईने त्याला हाक मारून जवळ बसवलं. मंजुळाबाई चहा करत होती.

“आरं ज्ञानदेवा, एक इचारू?”

“विचारा ना, मावशी.”

“आमी तिगं बी गच्चीवर. तुज्या बायकूला पाण्याचं भ्या. आन ह्यांनी तर मांडीच ठोकलेली, मेलो तरी घर सोडत न्हाई म्हणून. त्यो पोरगा हाता-पाया पडला, तरी हलंनात. मग तू दिसलास पल्याड, हात हालवताना. पोंग्यातनं ‘बसू, बसू’ एवढंच आलं कानावर, फुडचं वाऱ्यानं नेलं. तर हे आपलं उठलं. म्हणलं, ज्ञानदेव बोलावतुया. बोट त्यानंच दुरुस्त केलीया, त्यो उगा बसा म्हणायचा न्हाई. आन सवताच्या पायानं जाऊन बसलं बग.” ती जरा थांबली. “रातच्याला झोप लागत न्हाई मला. तू तेच म्हणत हुतास न्हवं? बसा म्हणूनच?”

मंजुळाबाई कप घेऊन दारात उभी राहिली होती. त्या दिवसापासून तिनेही हे विचारलं नव्हतं. चोवीस वर्षांत जे तोंडात आलं ते ज्ञानदेवने बोलून टाकलं होतं, आणि आज खरं एवढंसं, दोन शब्दांचं होतं.

“हो, मावशी,” तो म्हणाला. “बसा, असंच म्हणत होतो.”

“मग झालं,” शालनबाई म्हणाली. “मला वाटलं, आमीच ऐकाय चुकलो का काय.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि मंजुळाबाईच्या हातातला कप घेतला.