पडदा आखूड पडला तेव्हा

नाटकाच्या दिवशी सकाळी नवा पडदा टांगला आणि आम्ही सगळे चार पावलं मागे सरकून बघत राहिलो. निळाशार, जड, एकही सुरकुती नाही. आणि पडद्याखालून मागे उभ्या असलेल्या मुलांचे पाय स्वच्छ दिसत होते! एकाच्या बुटाची नाडी सुटली होती, तीसुद्धा.

संध्याकाळी पाच वाजता नाटक होतं.

मी सहावीला विज्ञान शिकवते. त्या आठवड्यात धडा होता लांबी मोजण्याचा आणि गतीच्या प्रकारांचा. सोमवारी मुलांना सभागृहात आणून वितीने रंगमंच मोजायला लावला होता. कोणाला अडतीस विती मिळाल्या, कोणाला चव्वेचाळीस, आणि भांडणाला नुसता ऊत आला. तेवढ्यात पडद्याचं माप घ्यायला टेलरकाकू आल्या. आमच्या वर्गातल्या टिकलीची आई. टिकली म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान चणीची, पण नजर घारीची. काकूंनी गळ्यातली टेप काढली, शिडीवर चढल्या, वरच्या दांडीपासून टेप सोडली. दीडशेवर खडूची खूण, मग तिथून खाली पुन्हा टेप. टिकलीने आकडा वाचला आणि वहीत लिहिला: दोनशे ब्याण्णव सेंटिमीटर. मी ऐटीत म्हणाले होते, "बघा, हात लहानमोठे असतात, टेप सगळ्यांना सारखीच. मिटलं भांडण!"

आता ती फट माझ्याकडे बघून हसत होती.

"कापडवाल्याने मापात मारलं," काकू कमरेला पदर खोचत म्हणाल्या. "शिवणीपुरतं जास्त धरून तुकडे दुकानातच कापून घेतले होते मी. लोखंडी मीटर घेऊन मोजलंन् माझ्यासमोर, तरी हातचलाखी केलीच. जाते आणि चांगली खरडपट्टी काढते त्याची!"

"आई, थांब ना जरा," टिकली म्हणाली.

ती प्रयोगशाळेतून लाकडी मीटरपट्टी घेऊन आली होती. तिने पडदा मोजला. बरोबर दोनशे ब्याण्णव. कापडवाला सुटला! मग शिडीवर चढून पट्टीने दांडीपासून खालपर्यंत उंची मोजली, एकदा, दोनदा, आणि खाली उतरली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"बाई, तीनशे येतात."

"वाचायला चुकलीस तू सोमवारी," मागून एक मुलगा म्हणाला.

"नाही चुकले!" ती आईकडे बघेना. हळूच म्हणाली, "आई, तुझी टेप देतेस?"

काकूंनी गळ्यातली टेप काढून दिली. टिकलीने ती जमिनीवर पट्टीशेजारी ताणून न धरता सरळ पसरली, शून्याला शून्य लावलं. तिसेक डोकी एकमेकांवर आपटली. पट्टी शंभरवर संपली. टेपवरचा शंभरचा आकडा मात्र तिच्या पुढे गेला होता. चांगला पावणेतीन सेंटिमीटर पुढे!

"टेप वाढलीय!" कोणीतरी किंचाळलं. "काकू, तुमची टेप उंच झालीय!"

कापडी टेप. रोज ओढून, ताणून, गळ्यात लटकवून ती सैल पडत गेली होती. मीटरमागे पावणेतीन, म्हणजे तीन मीटरला आठ. गणित मुलांनी माझ्याआधी केलं. फळ्याशिवाय, आरडाओरडा करत.

काकू मात्र खाली बसल्या होत्या. "अठरा वर्षं," त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं हीच टेप. म्हणजे मी लोकांचे कपडे..."

"एकही बिघडला नाही!" टिकली जवळजवळ ओरडलीच. "अगं आई, अंग याच टेपने मोजतेस आणि कापडही याच टेपने. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडे बरोबर बसतात. पडद्याला आपण तुझी टेप वापरली आणि दुकानात त्यांचा मीटर. म्हणून घोटाळा झाला!"

मी आ वासून ऐकत होते. हे मला शिकवायचं सुचलं नसतं. काकूंनी लेकीकडे पाहिलं, मग टेपकडे, आणि एकदम खो खो हसत सुटल्या. "बरं झालं कापडवाल्याकडे गेले नाही! तोंड दाखवायला जागा उरली नसती."

मग कामाला लागलो. पायमशीन सभागृहात आली. उरलेल्या निळ्या कापडातून खालची पट्टी कापली, यावेळी माप लाकडी पट्टीचं. काकूंनी पायाखालची फळी दाबायला सुरुवात केली आणि पोरं भोवती कोंडाळं करून ओरडायला लागली. "चाक वर्तुळाकार!" "सुई वर-खाली, आंदोलित!" "पायाची फळीपण आंदोलित!" "कापड सरळ चाललंय, रेषीय!" एक पोरगा आनंदाने सभागृहभर वाटेल तसा धावत सुटला, त्याच्याकडे बोट दाखवून तिघी एका सुरात म्हणाल्या, "यादृच्छिक!" काकूंचा पाय हसण्यामुळे दोनदा थांबला.

दीड वाजता पडदा पुन्हा टांगला. जमिनीला अलगद टेकला. मुख्याध्यापकांनी वाकून पाहिलं, काही दिसेना, तेव्हा समाधानाने मान डोलावली. संध्याकाळचं नाटक झकास झालं. दोघे संवाद विसरले, पण त्याचा दोष पडद्यावर घालता आला नाही.

मला वाटलं, संपलं. सोमवारी तिसऱ्या तासाला दारात काकू उभ्या. मशीनचं डोकं एका बाजूने त्यांनी धरलेलं, दुसऱ्या बाजूने टिकलीने.

"बाई, आत येऊ का? परवापासून डोक्यात भुंगा आहे," त्या म्हणाल्या. "चाक पूर्ण गोल फिरतं ना? मग खाली बॉबिनजवळचं, दोरा पकडणारं शटल अर्धंच जाऊन परत का येतं? गोल फिरण्याचं झुलणं होतं कुठे?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. बाक सरकल्याचा एकच खडखडाट झाला. काकूंनी मशीन माझ्या टेबलावर आडवी केली, पदराने हात पुसले आणि स्क्रूड्रायव्हर टिकलीच्या हातात दिला.

"खोल," त्या म्हणाल्या. "बघूया!"