फाटकातला हात

वीज उपकेंद्राच्या लोखंडी कुंपणासमोर चाळीसेक माणसं अनवाणी उभी होती. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली.

"आधी पायाशी पाणी ओता," बाउदिलिओ सांगत होता. "या वाळवंटात मेलेला जीव आहे, तहानलाय. मग फाटकाला हात लावा. नोल्बेर्तो स्वतः हात देईल."

"माझा आखडलेला खांदा सुटला," एक बाई म्हणाली.

"माझी जीभ सुटली."

"ती अडकली कधी होती?" मागून कुणीतरी विचारलं.

नोल्बेर्तो म्हणजे माझे बाबा. एकवीस वर्षं ते इथं कामाला होते. मार्चमध्ये आत मोठा बिघाड झाला, त्याच क्षणी या फाटकाला हात लावून ते कोसळले. दाखल्यावर लिहिलं, हृदय बंद पडलं. माणूस अकाली जातो तिथंच त्याचा जीव राहतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून आईनं फाटकाच्या खांबाशी त्यांच्या जिवासाठी पत्र्याचं हातभर घरकुल ठेवलं, पाणी वाहिलं, आणि तिच्या बोटांना झिणझिण्या आल्या.

"रोज येतो गं," ती मला म्हणाली. "बोटं धरतो. तूही बघ."

मी बाउदिलिओचे पाय बघत होते. रबरी बूट.

"तुम्ही नाही हात लावत?"

"मी नुसता त्याचा निरोप्या, पोरी."

खांबाला हात लावण्याआधी त्याचा पाय बघायचा, असं बाबा जेवताना सांगायचे. पायाशी तांब्याची पट्टी असते, ती जमिनीतल्या जाळीला जोडलेली असते. भरकटलेली वीज माणसातून न जाता तिच्यातून जाते.

मी काठीनं कागदी फुलं सरकवली. पट्टी करवतीनं कापलेली. तांबं चोरून विकणारे इथं कमी नाहीत. कापलेलं टोक काळं पडलं होतं, म्हणजे काप घरकुल ठेवण्याच्या आधीचा.

"फुलं रोज तुम्हीच रचता ना?" मी विचारलं. बाउदिलिओनं फुलं पुन्हा पट्टीवर सरकवली.

बाबांचे सोबती साकारियास यांना मी बोलावून आणलं. त्यांनी सगळ्यांना मागं सारलं, रबरी हातमोजे चढवले. मीटरची एक तार कुंपणाला, दुसरी ओल्या मातीत. काटा हलला.

"वरच्या तारांमुळे लोखंडात वीज जागी होते," ते म्हणाले. "एरवी पट्टीतून जाते. पट्टी नसली की ओल्या पायातून. आज नुसत्या झिणझिण्या. आत बिघाड झाला तर..." माझ्याकडे बघून ते थांबले.

त्यांनी नवी पट्टी जोडली, मीटर पुन्हा लावून बघितला. मग आईनं हात लावला. बराच वेळ उभी राहिली.

"गेला," ती म्हणाली.

"तो हात बाबांचा नव्हता, आई. बाबांना ज्यानं मारलं, तो होता."

हे तिला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तिथं माणसं बाटल्या घेऊन उभी होती, आणि कुणाच्या घरी पुढचं घरकुल लागेल ते कुणी सांगावं. चमत्कार दिसला की गुडघे टेकण्याआधी खाली वाकून बघा. बाबांच्या नावानं एवढंच मागणं आहे.

दुसऱ्या दिवशी आईनं घरकुल उचलून रस्त्यापलीकडे ठेवलं. नवी माणसं आली, तेव्हा ती म्हणाली, "पाणी इथं ओता. खांबाजवळ नको. आणि फुलंही नकोत तिथं, पट्टी दिसली पाहिजे."