दारात आणून सोडणारा

"परत वाच," गादीवाले म्हणाले. "आणि जरा सावकाश. ऐकू आलं मला, पण खरं वाटत नाही."

सुनेनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचलं. "'तुमच्या यादीतून माझं नाव काढून टाका. दोन वर्षं दर महिन्याला तुमचं पत्र येतं, की माझ्यामार्फत एकही गिऱ्हाईक आलं नाही. माझं लिहिलेलं कुणाच्या उपयोगाचं नाही, हे मला समजलं. तुम्हीही आता उगाच पत्रं पाठवू नका.' खाली सही. आपल्या सिस्टर."

हातातली कात्री त्यांनी टेबलावर अशी आपटली की टाचण्यांची डबी उडाली आणि टाचण्या टेबलाखाली विखुरल्या.

"एकही नाही? मग फोनवर सिस्टरांचं नाव सांगणारी ती माणसं काय आभाळातून पडतात आपल्याकडे?"

लोक त्यांना गादीवाले म्हणत. नावावरून माणूस कुठेतरी ऐसपैस टेकून बसलेला वाटावा. हे मात्र चाळीस वर्षं उभ्यानं फोम कापत आले होते. चाकांच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्यांसाठी ते गाद्या करत. खाली टणक थर, वर मऊ, माकडहाडाखाली खोलगट कापलेलं. राग नाकावर, कात्री हातात आणि तोंडात टाचण्या, असा एकूण अवतार. त्यामुळे अर्ध्या शिव्या टाचण्यांमागेच अडून राहत, हे घरच्यांचं नशीब.

सिस्टरांशी त्यांची ओळखही भांडणातूनच झालेली. अर्धांगाच्या रोग्यांच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढून बाई निवृत्त झाल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी एके दुपारी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुमच्या गादीची शिवण बरोबर बसायच्या हाडाखाली येते. ज्याला कमरेखाली काही जाणवतच नाही, तो कसा सांगणार टोचतंय म्हणून? जखम झाल्यावरच कळतं. तुम्ही स्वतः कधी आठ तास बसलाय का त्यावर?"

"मला धंदा शिकवू नका," म्हणून गादीवाल्यांनी फोन आदळला. तीन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मुकाट्यानं शिवण बाजूला घेतली. त्यानंतर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. म्हणजे ती गादी निम्मी त्या बाईंची होती, आणि हे गादीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

सिस्टरांचं इंटरनेटवर एक पान होतं. आरसा धरून कातडी कशी तपासायची, दर पंधरा मिनिटांनी अंग कसं उचलायचं, गादी दबून गेलीय का हे खाली तळहात घालून कसं ओळखायचं, सगळं त्या लिहीत. शेवटी एक ओळ असे: ही गादी घ्या, हिची शिवण बाजूला आहे.

दोन वर्षांपूर्वी सुनेनं अफिलिएट प्रोग्रॅम सुरू केला. जो आपल्या पानावर गादीबद्दल लिहील आणि ज्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक येईल, त्याला कमिशन. पहिलं नाव तिनं सिस्टरांचं घातलं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "कमिशन वॉर्डाला देत जा. मला फक्त दर महिन्याला कळवा, किती जण आले. वॉर्डात असताना रोगी डोळ्यांसमोर असायचा, बरा होताना दिसायचा. इथे कोण वाचतंय तेच कळत नाही."

आणि त्यांना कळवलं गेलं. चोवीस वेळा, शून्य.

"यादी काढ," गादीवाले म्हणाले. "कोणी आणली मग एवढी गिऱ्हाइकं?"

सुनेनं यादी उघडली. सगळ्यात वर इंटरनेटवर सवलतीचे कोड वाटणारा एक कूपनवाला होता. दहातली आठ गिऱ्हाइकं त्याची. गादीवाल्यांनी त्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

"हा काय लिहितो गादीबद्दल?"

"काहीच नाही, बाबा. नुसतं आपलं नाव आणि खाली एक बटण. 'कोड बघा.'"

"शिवणीबद्दल?"

"त्याला शिवण माहीत पण नसेल."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितलं. पलीकडचा माणूस मोठा हसतमुख. "बोला काका! दर महिन्याला तुमच्याकडे नुसती रांग लावतोय!"

"रांग तुम्ही लावताय? आमची गादी कशाची असते, सांगा पाहू."

"अं... कापसाची?"

"कापसाची!" गादीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापसाच्या गादीवर बसवलं तर माणूस सडेल, कळतंय का? एका बाईनं लोकांना धडे दिल्यासारखं समजावायचं आणि तुम्ही मधेच येऊन आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या? लाज नाही वाटत?"

"काका, उगाच चिडू नका." आवाजातलं हसू तसंच. "जो शेवटी आणेल त्याचं गिऱ्हाईक, असं लिहिलंय तुमच्या नियमात. नियम मी नाही केला. तुम्हीच केलाय."

फोन ठेवल्यावर गादीवाले सुनेकडे वळले. "हा नियम कोणी केला?"

सून एरवी त्यांचं सगळं ऐकून घेई. आज तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर घेतले. "तुम्ही केलात. मी फॉर्म भरत होते, इथेच उभी होते. विचारलं, बाबा, पहिल्यांदा सांगणाऱ्याला द्यायचं की शेवटी आणणाऱ्याला? तुमच्या तोंडात टाचण्या. मान वर न करता म्हणालात, 'शेवटच्याला. बोलणारे छप्पन असतात, जो दारात आणून सोडतो तो खरा.' मी म्हटलं, एकदा विचार करू या. तर म्हणालात, डोकं खाऊ नकोस."

गादीवाल्यांना आठवत होतं.

"आता बघा काय होतं ते." तिनं मोबाइलवर आपल्या दुकानाचं पान उघडलं आणि ती स्वतःच गिऱ्हाईक झाली. आधी माप निवडलं, मग कापड, मग पैसे भरायचं पान. तिथे एक रिकामी चौकट होती: कूपन कोड. "ही दिसली की माणसाला वाटतं, आपण फसतोय, बाकीच्यांना स्वस्तात मिळतंय. मग तो कोड शोधायला बाहेर जातो. कूपनवाल्याचं बटण दाबतो आणि त्याच्या दारातून परत आपल्याकडे येतो. झाला शेवटचा हात त्याचा."

"कोड तरी खरा असतो का त्याचा?"

"बहुतेक वेळा नसतो."

"म्हणजे गिऱ्हाईक आपल्या दुकानात उभं, पिशवी हातात. त्याला आपणच बाहेर पाठवायचं, आणि ज्यानं परत आत ढकललं त्याचा सत्कार!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "काढ ती चौकट. आत्ता काढ. आणि त्या हसऱ्यालाही काढ. यापुढे ज्यानं पहिल्यांदा समजावलं, त्याचं नाव. आणि कुणालाही यादीत घेण्याआधी तो काय लिहितो ते तू वाचायचं, मी ऐकायचं."

"करते. पण मागचं नाही दिसणार, बाबा. आपण शेवटचा हात तेवढा नोंदवायला सांगितलं होतं. पहिला कुठे नोंदवलेलाच नाही."

"आणि त्यांना पत्र काय जायचं? दाखव."

तिनं नाखुशीनंच दाखवलं. वर फुगे, खाली अक्षरं: या महिन्यात आपल्यामार्फत आलेली गिऱ्हाइकं, शून्य. निराश होऊ नका! पुढच्या महिन्यात अजून जोर लावा!

"जोर लावा?" गादीवाल्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो त्यांच्या ओरडण्याहून वाईट होता. "ज्या बाईनं जन्मभर माणसं उचलून उचलून कुशीवर वळवली, तिला आपण सांगतो, जोर लावा?"

"तयार नमुना होता. मी वाचला नाही नीट." तिचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं."

"तुझं कमी, माझं जास्त," ते म्हणाले. असं वाक्य त्या घरात पूर्वी कधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

सिस्टरांना फोन त्यांनी स्वतः लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"सिस्टर, मी गादीवाला. तुमचं पत्र मिळालं. अहो, चूक आमची आहे. लोक येत होते. सगळे तुमचंच वाचून येत होते. आमच्या नियमात घोळ होता."

सिस्टर म्हणाल्या, "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

गादीवाल्यांनी आयुष्यात पुष्कळांना उत्तरं दिली होती, बहुतेक न विचारताच.

"ते पान तेवढं राहू द्या," ते म्हणाले. "आता सगळं नीट करतो."

"ते पुसलं हो मी. रविवारीच. मुलगा म्हणाला, कुणी वाचत नाही तर कशाला ठेवतेस?"

"पुन्हा लिहाल?"

"चार वर्षं लागली होती. एकेका रोग्याला आठवून आठवून लिहिलेलं. आता नाही होणार माझ्याच्यानं." त्या रागावलेल्या नव्हत्या, हेच गादीवाल्यांना सहन होत नव्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "शिवण बाजूलाच आहे ना अजून?"

"हो."

"बरं झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गादीवाले काहीतरी करायचं म्हणून खाली वाकून टाचण्या वेचू लागले. टेबलाच्या मागच्या पायाशी हात गेला आणि थांबला. फरशी तिथे खोलगट होती. टेबल डुगडुगायचं म्हणून त्यांनीच पायाखाली पुठ्ठ्याचा एक गठ्ठा सारला होता. त्यांनी खांद्यानं टेबल उचललं आणि गठ्ठा ओढून काढला.

सुनेनं हौसेनं प्रत्येक गादीबरोबर एक कार्ड पाठवायला सुरुवात केली होती: आमची गादी आपल्याला कुणी सुचवली? लोक कार्डं भरून पाठवत. गादीवाल्यांना तो नसता उद्योग वाटे. आलेली कार्डं त्यांनी कधी उलटून पाहिली नव्हती. जाड मात्र होती, पायाखाली बरोबर बसली.

ते फरशीवरच बसले आणि वाचू लागले. 'एका निवृत्त सिस्टरांच्या पानावर वाचलं.' 'सिस्टरांनी.' 'सिस्टरांचं वाचून. आरसा धरायला त्यांनीच शिकवलं, भावाची जखम भरली.' एका कार्डावर लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत होतं: 'नर्स आजीनं सांगितलं.' प्रत्येक कार्डावर टेबलाच्या पायाचा गोल वळ उमटला होता. वरच्या दोन कार्डांवरचं तर काही वाचताच येत नव्हतं.

सून त्यांच्याशेजारी येऊन बसली. तीही वाचू लागली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "फोटो काढून पाठवू त्यांना?"

"फोटो नको. हीच पाठव. त्यांची आहेत ती."

"दबलेली पण?"

"ती वर ठेव. सगळ्यात वर."

कडेला शिवायची पांढरी फीत त्यांनी हातभर कापली आणि गठ्ठा बांधून तिच्या हातात दिला. मग टेबलाशी गेले, नवं कापड अंथरलं, खडूनं रेघ मारायला घेतली. टेबल डुगडुगलं आणि रेघ वाकडी गेली. सून धावत जाऊन लाकडाची एक चपटी चीप घेऊन आली आणि पायाशी वाकली.

"राहू दे, डुगडुगलं की आठवण राहील," गादीवाले म्हणाले.

त्यांनी मांडीनं टेबल दाबून धरलं, वाकडी रेघ पुसली आणि शिवणीची जागा बाजूला मोजून पुन्हा आखायला सुरुवात केली.